बहुसूत्रण व बहुप्रक्रियण, अंतःस्थापित प्रणालींतील

एखाद्या यंत्रात कायमच्या बसविलेल्या छोट्या संगणकाकडून अनेक कामे एकाच वेळी चालू ठेवण्याच्या दोन पद्धती. वजनकाटा, मोटारगाडीतील इंधन-नियंत्रक, शीतगृहाचा तापमान-नियंत्रक इ. साधनांतील अशा संगणकासह बनलेल्या रचनेला अंतःस्थापित प्रणाली (एम्बेडेड सिस्टिम) म्हणतात. तिच्यातील कामे एकाच स्मृतीत सहभागी असलेल्या सूत्रांत वाटणे म्हणजे बहुसूत्रण आणि स्वतंत्र स्मृती असलेल्या प्रक्रियांत वाटणे म्हणजे बहुप्रक्रियण होय. प्रणालीचा अभिकल्प करताना यांपैकी कोणती पद्धत निवडली, यावर तिचा वेग, किंमत व विशेषतः बिघाडाच्या वेळचे तिचे वर्तन अवलंबून असते.

मूलभूत संकल्पना : चालू स्थितीतील आज्ञावलीला प्रक्रिया म्हणतात. परिचालन प्रणाली प्रत्येक प्रक्रियेला स्मृतीचा वेगळा प्रदेश देते व एका प्रक्रियेला दुसरीच्या प्रदेशात वाचू वा लिहू देत नाही. हे निर्बंध स्मृति-व्यवस्थापक हा प्रक्रियकाचा विद्युत् मंडलरूप भाग अंमलात आणतो. सूत्र (थ्रेड) म्हणजे प्रक्रियेच्या अंतर्गत आज्ञांचा एक स्वतंत्र ओघ. प्रत्येक सूत्राची चितिका (स्टॅक) व नोंदकांतील मूल्ये स्वतःची असतात. मात्र बाकीची सर्व स्मृती त्या प्रक्रियेतील सर्व सूत्रांना सामाईक असते. अनेक प्रक्रियक एकत्र जोडण्यासही बहुप्रक्रियण म्हणतात. त्या अर्थाशी प्रस्तुत अर्थाची गल्लत होऊ नये. एकाच प्रक्रियकावरही आळीपाळीने अनेक प्रक्रिया चालविता येतात आणि अनेक गाभे असलेल्या प्रक्रियकावर सूत्रे व प्रक्रिया दोन्ही खरोखर एकाच क्षणी चालू शकतात. म्हणून गाभ्यांच्या केवळ संख्येवरून निवड ठरत नाही.

उदाहरण : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांच्या व्यापाराचे केंद्र आहे. अशा भागातील द्राक्षांच्या शीतगृहाचा नियंत्रक विचारात घेता येईल. तोडणीनंतर द्राक्षे लवकर थंड करून सु. ०° से. तापमानाला व ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. तापमान वाढल्यास देठ सुकतात व बुरशी वाढते. ते -२° से.च्या खाली गेल्यास देठ व मणी गोठण्याचा धोका असतो. म्हणजे नियंत्रकाची चूक काही तासांत शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी फिरवू शकते. या नियंत्रकाला तापमान मोजणे, संपीडक (कॉम्प्रेसर) चालू-बंद करणे, फलकावर आकडे दाखविणे, नोंदी साठविणे आणि दूरध्वनी-जाळ्यातून मालकाला संदेश पाठविणे अशी पाच कामे करावयाची असतात. ही सर्व कामे एकाच आवर्तनात एकामागून एक केली, तर जाळे न मिळाल्याने संदेशाचे काम अर्धा मिनिट खोळंबल्यास बाकीची चारही कामे तितका वेळ थांबतात. यासाठी कामे अलग करावी लागतात.

बहुसूत्रण : या पद्धतीत पाचही कामे पाच सूत्रांत वाटतात. तापमानाचे मूल्य सामाईक स्मृतीत एकदा लिहिले की, संपीडकाच्या व फलकाच्या सूत्रांना ते लगेच मिळते. त्याची प्रत काढावी लागत नाही. एका सूत्राकडून दुसऱ्याकडे वळताना स्मृतीचा नकाशा बदलावा लागत नसल्याने वेळ कमी लागतो आणि स्मृतीही थोडी पुरते. काही किलोबाइट स्मृतीच्या सूक्ष्मनियंत्रकावरही ही पद्धत वापरता येते.

सामाईक स्मृती हेच या पद्धतीचे मर्मस्थान आहे. समजा, ८ बिटी प्रक्रियकात तापमान अंशाच्या दहाव्या भागात, दोन बाइटांत साठविले आहे. नुकताच माल भरलेल्या खोलीत २५·५° से. म्हणजे २५५ हे मूल्य आहे. त्याचा वरचा बाइट ० व खालचा २५५ असतो. संपीडकाच्या सूत्राने वरचा बाइट (०) वाचला आणि नेमक्या त्याच क्षणी मापनाच्या सूत्राने २५६ हे नवे मूल्य लिहिले. आता वरचा बाइट १ व खालचा ० झाला. संपीडकाचे सूत्र पुढे खालचा बाइट (०) वाचते आणि तापमान ०·०° से. आहे, असे समजून संपीडक बंद करते. दोन्ही सूत्रे स्वतंत्रपणे तपासली असता निर्दोष ठरतात. दोष केवळ त्यांच्या क्रमात असतो. हजारो चाचण्यांत तो न दिसता ऐन हंगामात एकदाच उद्भवू शकतो. त्यावर उपाय म्हणून सामाईक मूल्य एका वेळी एकाच सूत्राला हाताळू देणारे कुलूप वापरतात. एट्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांडलेली सेमाफोर ही संकल्पना याच प्रश्नाचे उत्तर होती.

बहुप्रक्रियण : या पद्धतीत संदेश पाठविणारी आज्ञावली चुकीच्या पत्त्यावर लिहू लागली, तर स्मृति-व्यवस्थापक तिला अडवितो व परिचालन प्रणाली तेवढीच प्रक्रिया संपविते. तिला पुन्हा सुरू करता येते. मधल्या काळात संपीडकाचे नियंत्रण अबाधित राहते. बहुसूत्रणात हीच चूक संपीडकाचे मूल्य बिघडवू शकते किंवा सर्व सूत्रांसह संपूर्ण प्रक्रिया बंद पाडू शकते. याची किंमत म्हणून प्रक्रियांना स्मृती अधिक लागते, त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण संदेशांद्वारे करावी लागते आणि एकीकडून दुसरीकडे वळण्यास अधिक वेळ लागतो. शिवाय हे संरक्षण सर्वव्यापी नाही. एखाद्या प्रक्रियेने प्रक्रियकाचा सर्व वेळ बळकावणे किंवा परिचालन प्रणालीच्या गाभ्यातच दोष असणे, यांवर केवळ स्मृती अलग करून इलाज होत नाही. प्रक्रियांनी वेगासाठी सामाईक स्मृती घेतली, तर वर सांगितलेला क्रमदोषही परत येतो.

पूर्वानुभव : थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राकडून १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली व त्यांपैकी काही मृत्यू पावले. अनेक कामांनी सामाईक मूल्ये कुलपाविना वापरणे आणि आधीच्या यंत्रांतील विद्युत्-यांत्रिक सुरक्षा-योजना काढून टाकणे, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कमी अग्रक्रमाच्या, हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कामाने घेतलेल्या कुलपापाशी उच्च अग्रक्रमाचे काम अडकत होते आणि मधल्या अग्रक्रमाची कामे कुलूप सोडणाऱ्यालाच वेळ मिळू देत नव्हती. कुलूपधारकाला तात्पुरता उच्च अग्रक्रम देण्याची सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर हा दोष दूर झाला. याउलट, पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती स्वतंत्र होती व ते एकमेकांशी संदेशांद्वारे बोलत. तो अंतःस्थापित नसला, तरी स्मृती वाटून घेण्याऐवजी संदेश पाठविण्याच्या तत्त्वाचे ते ठळक उदाहरण होय.

निवडीचे निकष : (१) प्रक्रियकात स्मृति-व्यवस्थापक नसेल, तर खऱ्या अर्थाने बहुप्रक्रियण शक्य नसते, सूत्रांवरच भागवावे लागते. काही सूक्ष्मनियंत्रकांतील स्मृति-संरक्षक मात्र मर्यादित अलगपणा देतो. (२) कामे एकाच माहितीवर अतिशय वेगाने व वारंवार चालत असतील, तर सूत्रे सोयीची ठरतात. (३) एका कामाच्या बिघाडाने दुसरे बंद पडणे परवडणार नसेल किंवा एखादा भाग बाहेरून आणलेला व पुरता न पारखलेला असेल, तर तो वेगळ्या प्रक्रियेत ठेवणे इष्ट असते. (४) ठराविक मुदतीतच पार पडली पाहिजेत अशा कामांचा जास्तीत जास्त विलंब दोन्ही पद्धतींत मोजून पाहावा लागतो. सरासरी वेळ पुरेशी नसते.

व्यवहारात दोन्ही पद्धतींचा मिलाफ करतात. उपर्युक्त शीतगृहात मापन व संपीडक-नियंत्रण एका प्रक्रियेतील दोन सूत्रांत आणि फलक, नोंदी व संदेश वेगवेगळ्या प्रक्रियांत ठेवता येतील. याहूनही साधा मार्ग म्हणजे नियंत्रणासाठी एक स्वस्त सूक्ष्मनियंत्रक व संदेशांसाठी दुसरा वापरून त्यांना केवळ एका तारेने जोडणे. मात्र कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी संगणकावर अवलंबून नसलेला एक स्वतंत्र तापस्थापी (थर्मोस्टॅट) व धोक्याची घंटा ठेवणे आवश्यक असते; कारण आज्ञावलीतील दोषापासून मालाचे रक्षण आज्ञावलीबाहेरील साधनच खात्रीने करू शकते.