न मागणाऱ्या हातांसाठी

उर्दूत ‘सफेदपोश’ असा एक शब्द आहे. घरात धान्याचा डबा रिकामा असला तरी जो धुतलेले पांढरे कपडे घालूनच बाहेर पडतो आणि कुणापुढे हात पसरत नाही, तो सफेदपोश. रमजानमध्ये दानाचा हिशेब मांडताना ‘आधी अशांना शोधा’ असे वडीलधारे सांगतात. दारात आलेल्याला कुणीही देतो. न मागणारा मात्र शोधावा लागतो.

असे सफेदपोश माजी सैनिकांतही आहेत. ‘फौजेत होता म्हणजे पेन्शन असणारच’ हा आपला ठाम समज. पण जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधीच बाहेर पडलेले अनेकजण पुढे रखवालदारी करतात, शेतात राबतात. हातपाय चालतात तोवर निभावते. मग एखादे आजारपण येते आणि घर कर्जात जाते. ज्या माणसाला गावाने वर्दीत पाहिले, त्याला ‘मला मदत हवी’ हे तीन शब्द उच्चारणे सीमेवरच्या पहाऱ्याहून जड जाते.

अशांसाठी देशात एक निधी आहे आणि तो नागरिकांच्या देणगीतून उभा राहतो. १९४९पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. शाळेत, कचेरीत छातीवर लावला जाणारा तो चिमुकला ध्वज आठवतो? लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे त्याचे रंग म्हणजे आपली तिन्ही दले. त्यासाठी डब्यात टाकलेले पैसे ध्वजदिन निधीत जातात. त्यातून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत गरजू माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना अनुदान मिळते.

१ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांसाठी यातील तीन अनुदाने दुप्पट झाली आहेत. निवृत्तिवेतन नसलेले, नियमित उत्पन्न नसलेले ६५ वर्षांवरील माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना दरमहा ४ हजारांऐवजी ८ हजार रुपये मिळतात, तेही हयातभर. दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २ हजार, तर दोन मुलींपर्यंत लग्नासाठी प्रत्येकी १ लाख रुपये. विधवेच्या पुनर्विवाहालाही हे अनुदान आहे. या वाढीव दरांचा वार्षिक भार सुमारे २५७ कोटी रुपये असून तो ध्वजदिन निधीतूनच भागवला जाणार आहे.

पैसा आहे, योजना आहे. अडते ते मधल्या वाटेवर. अर्ज ऑनलाइन करायचा, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पडताळणी, पुढे राज्य, शेवटी केंद्र. डिस्चार्ज बुक जीर्ण झालेले असते; पत्नीचे नाव नोंदवायचे राहून गेलेले असते. सत्तरीतल्या माणसाला किंवा त्याच्या विधवेला हे एकट्याने कसे जमावे? शिवाय रुग्णालयाचे बिल अर्ज मंजूर होईपर्यंत थांबत नाही. सावकार मात्र त्याच संध्याकाळी पैसे देतो.

म्हणून निधीइतकीच गरज आहे ती शेजाऱ्याची. मोहल्ल्यात, आळीत असे एखादे घर आहे का, हे पाहायला ७ डिसेंबरची वाट पाहायला नको. जकातीचे नियम ठरलेले आहेत. पण ऐच्छिक दान, सदका, कुणालाही देता येतो. त्याला जात-धर्म विचारावा लागत नाही. आणि ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत, तो एक सकाळ देऊ शकतो. मोबाइलवर अर्ज भरून द्यावा, कागदपत्रांची पिशवी धरावी आणि त्या आजोबांना दुचाकीवर बसवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत न्यावे.

तिथे त्यांना हात पसरावा लागणार नाही. फक्त सही करावी लागेल.