फॉरवर्ड करण्याआधी तारीख बघा!

पहिला जोरदार पाऊस झाला की फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. रुळांवर गुडघाभर पाणी आणि खाली ‘लोकल बंद, घराबाहेर पडू नका’. मग कोणीतरी म्हणतं, ‘काका, हा फोटो २००५चा आहे हो!’ तोवर तो आणखी चार ग्रुपवर पोचलेला असतो. बातमी खोटी नसते, शिळी असते. अशाच शिळ्या बातमीने एकदा आख्खं नेटवर्क आडवं केलं होतं!

‘ओएसपीएफ’ हे नाव कॉम्प्युटरवाल्यांनी व्हायवापुरतं तरी पाठ केलेलं असतं. मोठ्या नेटवर्कमधले राउटर एकमेकांना रस्त्यांची खबर देतात, ती याच्या नियमांनी. प्रत्येक राउटर साधारण दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला ‘हॅलो’ म्हणतो. ४० सेकंद हॅलो आलं नाही, की शेजारी गेला असं धरतो. मग तो एक चिठ्ठी काढतो : ‘माझे शेजारी हे, आणि त्यांच्यापर्यंतच्या रस्त्याचा खर्च इतका.’ बस्स! दुसऱ्यांच्या भानगडी त्यात नसतात. ही चिठ्ठी हातोहात सगळ्यांपर्यंत जाते. सगळ्या चिठ्ठ्या जोडल्या की प्रत्येकाकडे सारखाच नकाशा तयार होतो. त्यावरून जवळचा रस्ता ज्याचा तो शोधतो. ती रीत डाइक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत सुचली होती, तीही वीसेक मिनिटांत.

पण एकच चिठ्ठी तीन बाजूंनी आली तर? म्हणून तिच्यावर नंबर असतो. नंबर नवा असेल तर ठेवा आणि पुढे पाठवा, नाहीतर सोडून द्या.

घोळ झाला तो इथेच. २७ ऑक्टोबर १९८०. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अमेरिकेतलं ‘अर्पानेट’. तिथे नंबर ० ते ६३ असे होते आणि ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळात बारानंतर एक वाजतो तसे. बिघडलेल्या हार्डवेअरमुळे चिठ्ठीतले काही बिट गळले आणि एकाच राउटरच्या तीन चिठ्ठ्या फिरू लागल्या : ८, ४० आणि ४४. गोल मोजणीत ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक चिठ्ठी ‘ताजी’ ठरत राहिली आणि सगळे ती पुढे ढकलत बसले. खऱ्या मेसेजना वेळच उरेना. एखादं यंत्र बंद करून चालू केलं, तरी शेजारी त्याच चिठ्ठ्या पुन्हा हातात द्यायचा. नेटवर्क काही तास ठप्प झालं. शेवटी ‘त्या राउटरच्या चिठ्ठ्या फेकून द्या’ असं प्रत्येक यंत्राला सांगावं लागलं.

अशी गडबड नेटवर्कने आपली आपणच निस्तरावी, यासाठीची पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये मांडली. आज ओएसपीएफमध्ये नंबर गोल फिरत नाहीत आणि प्रत्येक चिठ्ठीला वय असतं. मालक ती दर अर्ध्या तासाने नव्याने पाठवतो. तासाभरात नवी आली नाही, तर जुनी रद्द. कोणी कितीही फॉरवर्ड केली तरी!

तेव्हा यंदाच्या पावसात तो फोटो आला, की आधी तारीख बघा. राउटरसुद्धा बघतो!