माउस हातात, धडकी छातीत

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूमकडच्या वाडीवस्तीवरच्या शाळेत गुरुजी फळ्यावर निर्धास्त असतात. घाम फुटतो तो संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती भरताना. आधारवर ‘पांडुरंग’, दाखल्यावर ‘पांडूरंग’, की सरकारी पोर्टल नोंद नाकारते. सर्व्हर दिवसा गोगलगाय, म्हणून काम रात्री, नाहीतर घरच्या कॉलेजकुमाराच्या हवाली.

संगणकाची ही धास्ती नवी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्येच ती मोजण्याची श्रेणी तयार केली होती. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि संगणक शिक्षकांच्या आयुष्यात परीक्षेच्या रूपाने शिरला. मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढीच अडल्या. शिकण्याआधी शिक्षेचीच ओळख! पुढे २०१५ मध्ये विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याची ‘सरल’ प्रणाली आली.

वयाला दोष देणे सोपे. पण खरी कारणे म्हणजे सरावाला यंत्र नसणे, चुकल्यास नोटिशीची भीती आणि विद्यार्थ्यांपुढे अडखळण्याची लाज. एखाद-दोन दिवसांच्या प्रशिक्षणात पडद्याकडे पाहून बोटे वळत नाहीत.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. तिथे संगणक धडा शिकवायला आला होता. बहुतेक शाळांत तो अजून तक्ते भरायलाच येतो.