डेव्हलपमेंट बोर्ड : खुला आराखडा आणि आयातीत चिप

तळहातावर मावेल एवढा एक फलक, त्याला चार वायरींनी जोडलेला छोटा पडदा आणि त्या पडद्यावर उमटणारे खोलीचे तापमान. देशातील अटल टिंकरिंग लॅबमध्ये हे दृश्य आता नवलाईचे राहिलेले नाही. नीती आयोगाच्या अंतर्गत २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अशा सुमारे १० हजार लॅब उभ्या राहिल्या. निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद त्यात होती. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार लॅब स्थापन करण्याची घोषणा झाली. सार्वजनिक खर्चाचा एवढा ओघ ज्या साधनाकडे वळणार आहे, ते स्वस्त का आहे आणि त्याच्या किमतीतील कोणता भाग देशात राहतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

फलकाच्या केंद्रस्थानी सूक्ष्मनियंत्रक म्हणजेच मायक्रोकंट्रोलर असतो. संगणकातील सूक्ष्मप्रक्रियक आणि सूक्ष्मनियंत्रक यांतील भेद विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. सूक्ष्मप्रक्रियकाला स्मृती आणि आदान-प्रदानाची व्यवस्था बाहेरून पुरवावी लागते. सूक्ष्मनियंत्रकात या सर्व गोष्टी एकाच चिपवर सामावलेल्या असतात. धुलाई यंत्र, विजेचा मीटर, दूरचित्रवाणीचा रिमोट यांत तोच काम करतो. मात्र सुटी चिप हाती घेऊन शिकणे पूर्वी अवघड होते. तिच्यात प्रोग्रॅम भरण्यासाठी वेगळे उपकरण आणि बरेचदा महागडे सॉफ्टवेअर लागे.

ही अडचण इटलीतील इव्रेआ येथील एका डिझाइन संस्थेत दूर झाली. तेथील अध्यापक मासिमो बांझी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आर्डुइनो हा फलक तयार केला. त्याआधी २००३ मध्ये त्याच संस्थेतील कोलंबियाचा विद्यार्थी एर्नांदो बारागान याने 'वायरिंग' हा प्रकल्प केला होता. आर्डुइनो त्याच पायावर उभा आहे. पण या पूर्वसुरीचा उल्लेख अनेक पाठ्यपुस्तकांत राहून जातो. फलकाचा आराखडा खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आला. श्रेय देऊन आणि आपली सुधारणाही खुली ठेवून कोणीही तो फलक बनवावा व विकावा, अशी मुभा मिळाली. फक्त 'आर्डुइनो' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवले गेले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचा परिणाम उघड आहे. संशोधन व आराखड्याचा स्थिर खर्च नकलकाराला उचलावा लागत नसल्याने स्पर्धेत किंमत सीमान्त खर्चाच्या जवळ येते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे मूळ फलकाच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळणारे फलक हे याच परवान्याचे फलित आहे. ते बनावट नव्हेत. बनावट असते ती त्यांच्यावर छापलेली परक्या नावाची मोहोर.

या फलकाच्या पिनांच्या दोन रांगांपैकी एकीत सातव्या व आठव्या पिनमधील अंतर ०.१ इंचाऐवजी ०.१६ इंच आहे. ती मूळ आराखड्यातील चूक होती. परंतु तोवर त्या अंतराला अनुरूप जोडफलक बाजारात आले होते; चूक सुधारली असती तर ते सारे निरुपयोगी ठरले असते. म्हणून आजही ती जपली जाते. पथ-अवलंबित्व या संकल्पनेचे याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल.

पडद्याचा हिशेब

जोडसाधनांत पडदा सर्वांत लोकप्रिय. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणाऱ्या जुन्या एलसीडीला फलकाच्या किमान सहा पिना लागतात. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केलेल्या आयटूसी पद्धतीमुळे हेच काम दोन वायरींवर आले. वीजपुरवठ्याच्या दोन धरून चार. आज सर्रास वापरला जाणारा ०.९६ इंची ओएलईडी पडदा याच पद्धतीने जोडता येतो. त्यावर १२८ गुणिले ६४, म्हणजे ८,१९२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस एक बिट धरल्यास पूर्ण चित्र साठविण्यास १,०२४ बाइट लागतात. आर्डुइनो उनोची कार्यस्मृती केवळ २ किलोबाइट असते. म्हणजे पडदा जोडताच निम्मी स्मृती संपते! मग चित्र तुकड्यातुकड्यांनी रंगवावयाचे की दुसरे काही सोडावयाचे, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागते. दुर्मीळ साधनांचे वाटप शिकविण्यास याहून चांगला धडा नाही. २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीस आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवर २६४ किलोबाइट स्मृती असल्याने हा पेच उद्भवत नाही. सोय झाली, पण धडाही गेला.

चिप कोणाची?

आराखडा खुला असला तरी त्यावरील चिप खुली नाही. उनोची मूळ चिप अ‍ॅटमेल या अमेरिकी कंपनीची. ती कंपनी २०१६ मध्ये मायक्रोचिपने घेतली. वायफाययुक्त ईएसपी ३२ शांघायच्या कंपनीची, तर स्वस्त फलकांवरील यूएसबी चिपही बहुधा चिनी. खुद्द आर्डुइनो विकत घेण्याची घोषणा क्वालकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. महासाथीनंतरच्या चिपटंचाईत रास्पबेरी पायच्या एकफलकी संगणकांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने औद्योगिक ग्राहकांना प्राधान्य दिले. शिकणारा रांगेत शेवटी राहिला.

आयात शुल्काची भिंत हा उपाय येथे उपलब्ध नाही. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला व त्यानुसार चिपवरील शुल्क शून्यावर आणण्यात आले. त्यामुळे धोरणाचा भर अनुदानावर आला. अर्धसंवाहक व डिस्प्ले निर्मितीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेला ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम त्याचेच रूप होय.

दुसरा मार्ग रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाचा. बर्कले येथे २०१० मध्ये त्याचा आरंभ झाला. त्याच्या आधारे आयआयटी मद्रासने 'शक्ती' प्रक्रियक घडविला. २०१८ मध्ये त्याची एक चिप मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर प्रक्रियेने तयार झाली. सूक्ष्मनियंत्रकासाठी ही जुनी प्रक्रियाही पुरेशी असते. सी-डॅकने 'वेगा' मालिकेतील 'तेजस ३२' चिप बसवून 'एरीज' फलक विकसित केले असून त्यांवर आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम लिहिता येतात.

आता प्रश्न खरेदीच्या निविदांचा आहे. निविदेत विशिष्ट परदेशी फलकाचे नाव असेल, तर ५० हजार लॅबची हमखास मागणी बाहेर जाईल. केवळ पिनरचना, स्मृती आणि सॉफ्टवेअरची सुसंगती नमूद केल्यास देशी फलकाला स्पर्धेत उतरता येईल. अर्थात पात्रतेची कसोटी तेथेच संपत नाही. दोन-तीनशे रुपयांचा पडदा चालविण्याचा तयार कोड ज्या फलकासाठी मिळत नाही, तो शिक्षक एकदा जोडून पाहतात आणि मग कपाटात ठेवून देतात.