अपडेटचा मेल खरा की खोटा?

सप्टेंबर 2003मध्ये जगभरच्या इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडू लागला. मायक्रोसॉफ्टच्या थाटाची मांडणी आणि सोबत जोडलेलं ‘सुरक्षा अपडेट’. ते चालवणाऱ्यांच्या संगणकात शिरला ‘स्वेन’ नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, आणि तिथून तो पुढच्यांना मेल धाडू लागला. मुळात मायक्रोसॉफ्ट मेलला जोडून अपडेट पाठवतच नाही.

सोंग आजही तेच. फक्त फाइलच्या जागी बऱ्याचदा लिंक असते. ती पारखायची कशी?

पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. संगणकावर लिंक न दाबता माउसचा बाण नुसता तिच्यावर न्या. बहुतेकदा खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. त्यातलं संकेतस्थळाचं नाव शेवटाकडून वाचा. ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम डॉट अपडेटकेंद्र डॉट नेट’ असेल, तर घर ‘अपडेटकेंद्र डॉट नेट’चं, पुढचं मायक्रोसॉफ्ट म्हणजे दारावरची खोटी पाटी. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं शेजारी आली की ‘एम’सारखी दिसतात, तेही निरखून बघा.

‘24 तासांत अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ अशी घाई दिसली, तर तिथेच थांबा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मेल तसाच सोडा आणि संगणकाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट तपासा. खरं असेल तर तिथे सापडेलच. आणि फसून पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.