खोडदची दुर्बीण, संगणकावरचे खेळ आणि लिनक्स

जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आणि संगणकावरचे खेळ यांना एकच यंत्रभाग लागतो, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. हे कार्ड लिनक्सवर चालवायचे म्हटले की दोन्हीकडे एकच प्रश्न येतो. त्याला चालवणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचे आणि बंदिस्त असावे, की कोणालाही वाचता आणि सुधारता येईल असे मुक्त?

पुणे-नाशिक महामार्गावर आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे पडले की पुढे नारायणगाव लागते. खोडद तिथून पूर्वेला आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) चालवते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 मध्यवर्ती भागात आहेत, तर 16 तीन शाखांवर विखुरल्या आहेत. दोन अँटेनांमधले सर्वाधिक अंतर सुमारे 25 किलोमीटर आहे. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात. आकाशाचे चित्र मिळवण्यासाठी प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार करून त्याची बेरीज सतत करत राहावी लागते. एकेका अँटेनाकडून दोन संकेत येतात. 400 मेगाहर्ट्झची पट्टारुंदी टिपायची तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. सगळे मिळून दर सेकंदाला 4,800 कोटी नमुने होतात.

सुरुवातीला हे काम खास त्यासाठी बनवलेल्या चिपा करत. 2010 च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा लिनक्स समूह ते करू लागला. त्यानंतर दुर्बिणीचे अद्ययावतीकरण झाले, तेव्हा हिशेबाचा मुख्य भार एनव्हिडियाच्या टेस्ला ग्राफिक्स कार्डांवर टाकण्यात आला.

ही कार्डे अशा कामाला चालतात याचे मूळ खेळांत आहे. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे दाखवायची तर 12 कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हिशेब तोच असतो, फक्त आकडे बदलतात. म्हणून ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करतात. संकेतांच्या गुणाकाराचे स्वरूपही असेच असते. 2007 मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ ही प्रणाली उपलब्ध केली आणि चित्रांसाठीची ही ताकद इतर गणितालाही सहज वापरता येऊ लागली.

लिनक्स संगणकावरचे सॉफ्टवेअर थरांत रचलेले असते. तळाला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्यावर कार्ड चालवणारा ड्रायव्हर, मग ग्रंथालये, म्हणजे तयार कोडचे संच (लायब्ररी), आणि सर्वांत वर खेळ किंवा गणनेचा प्रोग्राम. कर्नल पूर्णपणे मुक्त आहे. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांचे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात आणि त्यांच्या जोडीला ‘मेसा’ हे मुक्त ग्रंथालय असते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बराच काळ बंदिस्त होता. 2022 च्या मे महिन्यात कंपनीने त्याचा कर्नलशी जोडणारा भाग खुला केला. कुडा आणि वरची ग्रंथालये मात्र बंदिस्तच राहिली.

खेळांच्या जगात बहुतेक वेळा वरचा थर बंद आणि खालचे उघडे असतात. लोकप्रिय खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात आणि त्यांचा सोर्स कोड कंपन्या देत नाहीत. खेळ विकणारे ‘स्टीम’ हे दुकानही बंदिस्तच. पण त्याच दुकानाच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, 2018 मध्ये आणलेले ‘प्रोटॉन’ मुक्त आहे आणि ते 1993 पासून वाढत आलेल्या ‘वाइन’ या मुक्त प्रकल्पावर उभे आहे. विंडोजसाठीच्या आज्ञा ते लिनक्सला समजतील अशा करून देते. हजारो खेळ त्यामुळे लिनक्सवर चालतात. फसवणूक रोखण्यासाठी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये शिरणारे सॉफ्टवेअर वापरणारे ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ मात्र चालत नाहीत. तो थर बंद असल्याने लिनक्सच्या विकसकांना त्यात काही करता येत नाही.

खोडदला ही मांडणी उलटी आहे. सर्वांत वरचा, म्हणजे संकेत जोडण्याचा प्रोग्राम एनसीआरएच्या अभियंत्यांनी घडवला. तळाला लिनक्स आहे. संकेतांचे आकड्यांत रूपांतर झाल्यावर ते हाताळणारे ‘रोच’ बोर्डही खगोलशास्त्रज्ञांच्या ‘कॅस्पर’ या मुक्त सहकार्यातून आले आहेत. मधला कुडाचा थर तेवढा कंपनीच्या ताब्यात आहे.

बंदिस्त थराचे फायदे खरे आहेत. वेग चांगला मिळतो, नवे कार्ड पहिल्या दिवसापासून चालते, गणिताची तयार आणि तपासलेली ग्रंथालये हाताशी असतात. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. टेस्ला के-40 हे कार्ड ज्या ‘केपलर’ पिढीतले, तिला डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या कुडा 12 मधून वगळण्यात आले. अशी कार्डे वापरत राहायचे तर जुनी आवृत्ती धरून बसावे लागते. एएमडीचे रेडिऑन एचडी 7970 हे कार्डही केपलरसारखेच 2012 चे. त्यासाठी नवे ड्रायव्हर देणे कंपनीने 2021 मध्ये थांबवले, तरी लिनक्सवरचा मुक्त ड्रायव्हर त्यानंतरही सुधारत राहिला. कंपनीने हात काढून घेतला तरी तो कोड इतरांच्या हातात होता.

त्यामुळे ‘मुक्त की बंदिस्त’ हा निर्णय सरसकट करता येत नाही, तो थराथराने करावा लागतो. एखादा खेळ दोन-चार वर्षांत मागे पडतो, तेव्हा तो बंदिस्त असल्याने फारसे बिघडत नाही. कार्ड, कर्नल आणि ड्रायव्हर यांच्याशी मात्र दीर्घकाळ संबंध येतो. लिनक्सवर खेळण्यासाठी कार्ड घेणाऱ्याने वेगाच्या आकड्यांबरोबर त्याचा ड्रायव्हर मुक्त आहे की नाही, हेही विक्रेत्याला विचारून घ्यावे.