इसापूरच्या पाण्यात मासा असतो कुठे?

इसापूर धरणावर एकाच पहाटे दोन होड्या निघतात. जाळी सारखी, पाणी तेच. एकीचे क्रेट भरतात, दुसरी चार चिलाप्यांवर परत येते. काठावर निकाल ठरलेला असतो : ज्याचं त्याचं नशीब. कळमनुरी तालुक्यात मासेमारीबद्दल जेवढे गैरसमज ऐकू येतात, त्या सगळ्यांचं मूळ या एका शब्दात आहे. मासा जिथे असतो तिथे काही कारणाने असतो, आणि ते कारण शोधता येतं. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर असलेल्या भोई मंडळींना ते ठाऊक असतं. हौसेने गळ घेऊन जाणाऱ्या तरुणांना आणि नव्याने मच्छीमार सोसायटीत आलेल्या पोरांना मात्र ते कुणी नीट सांगत नाही.

पैनगंगेवरचं हे धरण मातीचं, लांबीला चार किलोमीटरच्या वर. पूर्ण भरल्याची पातळी 441 मीटर आणि उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर. एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला विदर्भ. एवढ्या पसाऱ्यात मासा शोधायचा तर अंदाजाने भागत नाही, पद्धत लागते.

अशी पद्धत उत्तर अमेरिकेतल्या गळवाल्यांनी फार बारकाईने घडवली आहे. तिकडच्या सरोवरांत वॉलआय नावाचा शिकारी मासा असतो. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधूक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. त्याला धरायला होडी हळू चालवत मागे गळ ओढत नेतात. आपल्याकडे हा मासा नाही, पण चालत्या होडीमागे गळ ओढणं नवं नाही. समुद्रात सुरमई आणि कुपा तसेही धरतात. इसापूरला मुख्य कारभार जाळ्याचा. साधन कुठलंही असो, मासा किती खोलवर आहे, कुठल्या वेळी तिथे येतो आणि कशामुळे येतो, हे तीन प्रश्न टळत नाहीत.

‘मासा पाण्यात सगळीकडे सारखाच’

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. तो मोडायला माशाचं तोंड पाहणं पुरेसं आहे. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात फिरतो, बुडालेल्या फांद्यांवरचं, दगडांवरचं शेवाळ खरवडतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं. तळाचा गाळ आणि कुजकं हे त्याचं अन्न. शेततळ्यात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात ते याच हिशेबाने, म्हणजे एकाचं ताट दुसरा ओढत नाही. शिंगाळा तळाशी राहणारा शिकारी. त्याच्या लांब मिशा अंधारात आणि गढूळ पाण्यात चव घेत भक्ष्य शोधतात, डोळ्यांवर त्याचं फारसं अडत नाही. मरळ काठच्या गवतात, शेवाळात दबा धरून बसते. तिला हवेतला प्राणवायू घेता येतो, त्यामुळे इतर मासे जिथे गुदमरतील तिथेही ती टिकते.

आता जाळं वर घेताना काय दिसतं ते पाहा. उभ्या तंगूस जाळ्याच्या वरच्या दोरीला भेंड बांधलेली, खालच्या दोरीला शिसं. होडीत बसून जाळं हातावर घेत गेलं की मासे सगळ्या उंचीवर सारखे अडकलेले नसतात. कधी वरच्या हातभर पट्ट्यातच कटले असतात आणि खालचा सगळा भाग कोरा. कधी शिशाला लागून मृगळ आणि शिंगाळे, वर काहीच नाही. ही वाचायची गोष्ट आहे. मासा किती खोलीवर फिरत होता ते जाळं आपल्याला सांगतं. पण बहुतेक वेळा मासे सोडवून क्रेटमध्ये टाकण्याच्या घाईत कुणी पाहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जाळं पुन्हा त्याच कोऱ्या थरात लागतं. मासा कोणत्या बाजूने शिरला हेही पाहावं. तोंड काठाकडे असेल तर तो चरायला काठाशी येत होता, खोल पाण्याकडे असेल तर परत जात होता.

याच्याच पोटातला दुसरा समज : ‘जाळ्यात आले तेवढ्याच आकाराचे मासे धरणात आहेत.’ उभ्या जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, ठरावीक घेराचाच मासा धरतो. लहान आरपार निघून जातो, मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. म्हणून एका आसाच्या जाळ्यावरून धरणाचा अंदाज बांधणं चूक. आणि मासे कमी वाटतात म्हणून बारीक आसाचं जाळं लावणं तर पायावर धोंडा पाडून घेणं आहे, कारण त्यात अडकणारी बोटुकली पुढच्या वर्षीचा मासा असते. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचं वाहतं, चढतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरक टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून देशभरातल्या तलावांना खात्रीचं बीज मिळू लागलं. धरणात सोडलेली बोटुकली त्या कामाचं फळ आहे.

‘जितकं खोल, तितका मोठा मासा’

जुन्या डोहांच्या गोष्टींतून आलेला हा समज. खोल पाण्यात मोठा मासा असूही शकतो, पण श्वासापुरता प्राणवायू असला तरच. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. वैशाखात पाणी तापतं तेव्हा वरच्या थराची ही स्थिती. वारा पडला असेल तर गरम, हलकं पाणी वर आणि जड पाणी खाली राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी गाळ कुजतो आणि उरलासुरला प्राणवायू संपवतो. अशा वेळी तळाला टेकवलेलं जाळं रिकामं येतं. मासे मधल्या पट्ट्यात अडकलेले असतात, वर ऊन आणि खाली घुसमट. वारा सुटला की पाणी घुसळतं आणि हे गणित बदलतं. थंड प्रदेशातल्या खोल सरोवरांत असे थर महिनोन्‌महिने टिकतात. आपल्या दख्खनच्या धरणांत वारा त्यांना फार काळ टिकू देत नाही. म्हणून तिकडच्या पुस्तकातला खोलीचा आकडा उचलून इथे लावण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचं आणखी एक काम आहे. तो वरचं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव एका काठाकडे ढकलत नेतो. दिवसभर एकाच दिशेने वारा असला तर ज्या काठावर लाटा आपटतात, तिथे कटला चरायला येण्याची शक्यता जास्त. आपण मात्र निवांत बसायला शांत, आडोशाचा काठ शोधतो.

‘पहाटे मासे वर तोंड मारतात, म्हणजे भुकेले आहेत’

गावतळ्यावर आणि शेततळ्यावर हे फार ऐकू येतं, आणि तिथे हा समज धोक्याचा आहे. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेही घेतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू उजाडण्याच्या जरा आधी सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतर तर आणखीच. त्या वेळी कटला, रोहू थव्याने वर येऊन हवा गिळताना दिसले तर ते गुदमरत आहेत. तेव्हा खाद्य टाकलं तर ते कुजून उरलेला प्राणवायूही संपतो. पंप लावून पाणी खळबळवायचं, ताजं पाणी सोडायचं. धरणाच्या उघड्या पाण्यात असा प्रसंग क्वचितच येतो; गवताने भरलेल्या उथळ फुगवट्यात येऊ शकतो.

आवाज, रंग, वेग

‘बोललात तर मासे पळतील’ हे गळवाल्यांचं ठरलेलं वाक्य. हवेतल्या बोलण्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात शिरतो, बाकी पृष्ठभागावरून परततो. तेव्हा हलक्या गप्पांनी काही बिघडत नाही. होडीच्या फळीवर आपटलेला डबा मात्र थेट पाण्यात वाजतो. आणि रोहू-कटला वर्गातले मासे कानाचे तिखट असतात : त्यांच्या पोटातला हवेचा फुगा आवाजाने थरथरतो आणि हाडांची एक बारीक साखळी ती थरथर कानापर्यंत पोचवते. तोंड बंद ठेवण्यापेक्षा पाय जपून ठेवावेत.

रंगाबद्दल दुकानदार जेवढं सांगतात, तेवढं माशाला कळत नाही. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विझतो. पैनगंगेला काळ्या मातीचा गाळ येतो तेव्हा हातभर खालीही नीट दिसत नाही. तिथे आमिषाचा वास आणि हालचाल रंगापेक्षा मोलाची.

गळ ओढत नेताना वेगाबद्दल मोठा गोंधळ असतो. ‘वेग वाढवला की गळ खोल जातो’ असं अनेकांना वाटतं. शिसं बांधलेला गळ वेग वाढला की उलट वर येतो. पुढे पातं असलेलं, डुबकी मारणारं आमिष वेगळं : मागे सोडलेला दोरा वाढवला की ते काही मर्यादेपर्यंत खोल जातं, आणि दोरा जाड असला तर पाण्याच्या ओढीने कमी खोल जातं. वॉलआयच्या मागे फिरणारे होडी ताशी साधारण 2 ते 4 किलोमीटर ठेवतात, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याएवढी. होडी वळली की बाहेरच्या बाजूचा गळ वेग घेतो आणि आतल्या बाजूचा मंदावतो. मासा बाहेरच्या गळाला लागला तर वेग थोडा वाढवून पाहायचा, आतल्या गळाला लागला तर कमी करून. सरळ रेषेत तासन्‌तास फिरणाऱ्याला ही माहिती मिळतच नाही, म्हणून जाणकार नागमोडी फिरतात.

त्यांची दुसरी सवय मला फार मोलाची वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खोली बदलली तर वेग आणि आमिष तेच ठेवायचं. तिन्ही एकदम बदलून मासा मिळाला तर तो कशामुळे मिळाला हे कधीच कळत नाही. आणि मासा मिळाला की त्याच वाटेने, त्याच खोलीवर पुन्हा जाऊन पाहायचं. दुसऱ्यांदाही मिळाला तर हाती काहीतरी लागलं. एकच मासा हा योगायोगही असू शकतो.

‘एकदा सापडलेली जागा कायमची’

इसापूरला ही समजूत लवकर मोडते, कारण कालव्यांना आवर्तनं सुटतात तसं पाणी उतरत जातं. समजा पाण्याखाली बुडालेला एखादा जुना बांध किंवा उंचवटा आहे, आणि धरण 441 मीटरला भरलेलं असताना तो 7 मीटर खोल होता. पातळी 436 वर आली की त्याच्यावर 2 मीटरच पाणी उरतं. दसऱ्याला तिथे मिळालेला मृगळ चैत्रात तिथे का नाही, याचं उत्तर एवढ्यातच आहे. पाणी उतरलं की मासे नदीच्या जुन्या पात्राकडे सरकतात, कारण धरणातला सगळ्यात खोल पट्टा तोच. आणि मृगात पैनगंगेला पहिला लोंढा आला की फुगवट्याच्या टोकाकडे, वाहत्या पाण्याच्या दिशेने चढू लागतात. या चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात. ते धरणं म्हणजे पुढची पिढीच कापणं.

म्हणून मासा कुठे मिळाला हे लिहून ठेवताना जागेसोबत तीन गोष्टी लिहाव्यात : पृष्ठभागापासूनची खोली, तळापासूनचं अंतर आणि त्या दिवशीची धरणाची पातळी. पातळीचा आकडा जलसंपदा विभाग जाहीर करतोच. पुढच्या वर्षी तारीख पाहून जाण्यापेक्षा तीच पातळी आली की जाऊन पाहावं. फक्त जाण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारावं, कारण धरणातल्या मासेमारीचा ठेका असतो आणि पाण्यावर पोट असणाऱ्यांचा हक्क आधी. सुरुंग आणि विष यांना तर 1897 च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे.